नुस्त्याच्या टोपातला कार्बोरेटर

या, इकडे पुढे येऊन बसा. तिथे दाराशी उभं राहून काय ऐकू येणार आहे तुम्हाला? आणि घड्याळ कशाला बघता? वर्षातून एकदा येता, त्यातही चहा कपात ओतायच्या आधी चपला शोधायला लागता. तुमच्यापेक्षा आमचा तो भाडेकरू बरा. "जरा टेकतो, मावशी" म्हणून टेकला आणि कितीतरी वर्षं राहिला.

"रुसलंय ओ, मेलं न्हाई." हे त्याचं नेहमीचं बोलणं. पंखा फिरेना, विहिरीवरचा पंप पाणी ओढेना, माझी शिलाईची मशीन धागा खायला लागली, काहीही असो. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा तो आधी त्या वस्तूवर हात ठेवायचा आणि हेच म्हणायचा. मग हसायचा. हसणं असं की आंगणातल्या कोंबड्या उडून दगडी गडग्यावर बसायच्या.

चंदगडकडचा. इकडे औद्योगिक वसाहतीत मशीनवर कामाला होता आणि आमच्या मांगराच्या पडवीत भाड्याने राहायचा. मांगर म्हणजे घराबाहेरची आमची जुनी कौलारू खोली. पूर्वी तिथे भाताची पोती असायची, नंतर तिथे आमच्या ह्यांची गाडी आली. पडवीत तो आणि भिंतीपलीकडे गाडी, असे दोघे शेजारी.

आता तो फार सज्जन होता असं काही समजू नका. एक नंबरचा बढाईखोर. मिशा विंचरायला त्याला आरसा नको, गाडीचा बाजूचा आरसा पुरायचा. माझ्या हुमणाला, मासळीच्या आमटीला, नावं ठेवायचा. म्हणायचा, "मावशी, हे तिखट आमच्याकडं बाळाला चाटवत्यात." मी म्हणायचे, "मग तू रे कशाला तिसऱ्यांदा वाढून घेतोस?" तर म्हणे, "बाळ हाय न्हवं मी." सकाळी पाववाला पोदेर भोंपू वाजवत आला की चहाबरोबर उंड्यांचा, गोल पावांचा फडशा. आणि हात पुसायला माझाच पांढरा टॉवेल. एकदा आमच्या पांढऱ्या मांजरीच्या पाठीवर पाच काळी बोटं उमटलेली दिसली. विचारलं, तर म्हणाला, "तिनंच मला हात लावला."

पण गाडीसमोर त्याने कधी कुणाला शिवी देऊ दिली नाही. ते त्याला खपायचं नाही.

त्या गाडीचं आता ऐका. आमच्या ह्यांनी सगळी उमर टॅक्सी चालवली. लग्नसराईत हीच गाडी फुलांनी सजवून नवरीला न्यायला जायची. चोपड्याला पूल नव्हता तेव्हा फेरीबोटीतून पलीकडे जायची. पेडणे तालुक्यातल्या कितीतरी बायका हिच्यातच बसून, रडून, डोळे पुसून सासरी पोचल्या. पुढे ह्यांचे गुडघे दुखायला लागले, नव्या गाड्या आल्या, आणि ही मांगरात जाऊन बसली ती बसलीच.

विमानतळ झाल्यापासून इकडे भाड्याच्या खोल्यांना किती मागणी आहे ते तुम्हाला माहीत आहेच. आमचे धाकटे दीर डिचोलीला असतात. वाटणीत मांगर त्यांच्याकडे. तिथे खोल्या बांधायचं त्यांनी ठरवलं. त्यांचंही चूक नाही, त्यांची दोन पोरं शिकायची आहेत. आषाढात येऊन म्हणाले, "दादा, चवथीला आम्ही येऊ तोवर गाडी चालू झाली तर तुझी तू ठेव. नाहीतर विसर्जन झाल्यावर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

हे म्हणाले, "बरं." एवढंच. पण त्या दिवसापासून हे मांगराकडे फिरकले नाहीत. आधी रोज जाऊन टपावरची धूळ झाडायचे. आता बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर, बसायचे तेसुद्धा मांगराकडे पाठ करून. रात्रीची पेज अर्धी ताटात ठेवायचे. माणूस बोलला तर भांडता येतं हो. न बोलणाऱ्याचं काय करायचं?

मी पडवीत जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो उंडा चहात बुडवत होता. उठला, बॉनेट उघडलं, आत हात ठेवला.

आमचे हे तिकडूनच म्हणाले, "मेलीय ती. उगीच हात काळे करू नको."

"काका, तिच्यासमोर असं बोलू नगासा," तो म्हणाला. "रुसलीया."

रुसलेला होता तो कार्बोरेटर. मला कुठलं कळायला, पण त्याने समजावलं ते असं, की पेट्रोल आणि हवा कालवायचं ते भांडं. तिथे नीट कालवलं गेलं तरच इंजिनाच्या पोटात जातं. वर्षानुवर्षं आतलं पेट्रोल सुकून काजूच्या डिंकासारखं चिकट, पिवळं होऊन बसलेलं. आत एक चकती असते, ती दांडीवर फिरते आणि हवेला वाट देते. ती दांडी भिंतीत चिणल्यासारखी घट्ट. आणि जेट म्हणून पितळेचा एक बारीक तुकडा, जिऱ्याएवढ्या भोकाचा. ते भोक हिरवं होऊन बंद झालेलं.

मी म्हटलं, "हातोडी मार की एक."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी देवघरात चपला घालून गेले. "मावशी, हे लोखंड न्हाई, जस्ताचं हाय. कच्चकन तुटंल. ह्याला ऊब पायजे. ऊब दिली की अंग सैल सोडतंय." आणि लगेच, "तुमच्याकडं एखादं मोठं टोप हाय का?"

आता बघा. श्रावण चाललेला. श्रावणात आमच्याकडे शिवराक, म्हणजे नुस्त्याचा, मासळीचा वास नाही. त्यामुळे नुस्त्याचं मोठं टोप धुऊन, पालथं घालून ठेवलेलं. रिकामंच होतं, म्हटलं घे बापडा. त्याने आधी तो कार्बोरेटर साबणाने घासून घासून धुतला, नाकाशी धरून पेट्रोलचा वास राहिला नाही ना ते पाहिलं, माझ्याही नाकाशी धरला. मग न्हाणीच्या चुलीवर टोपात पाणी, पाण्यात कार्बोरेटर, वर झाकण.

उकळी आली आणि काय सांगू तुम्हाला. टोपाच्या बुडाला वर्षानुवर्षांची मासळी मुरलेली, ती जागी झाली. डिंकाचा वास वेगळाच. तो सगळा मिळून वाऱ्यावर गेला थेट शेजारणीच्या जनेलात, खिडकीत.

ही शेजारीण श्रावणात कांद्याचीसुद्धा सावली पडू देत नाही. ती आली पदर नाकाला लावून. "वयनी, किदें शिजयतां गे? आज सोमार."

तो चुलीपाशी उकिडवा बसलेला. गंभीर तोंड करून म्हणाला, "खेकडा हाय, मावशी. लई जुना हाय, मऊ व्हईना."

तिने माझ्याकडे असं बघितलं की आता माझ्या हातचं पाणी बंद. पुढे होऊन तिने झाकण उचललं. वाफ गेली, आणि आत तो धातूचा खेकडा, नळ्या वर करून बसलेला. ती बघतच राहिली. मग मटकन दगडी वायनावरच, उखळावरच बसली आणि पोट धरून हसायला लागली. मी हसले, तो तर काय, कोंबड्या पुन्हा गडग्यावर.

हसून झाल्यावर तिने विचारलं, "हें त्या गाडयेचें?" आणि मांगराकडे बघत म्हणाली, "ह्याच गाडयेत बसून आयिल्लें हांव. फेरीबोटींत उदक उडलें आनी शालू भिजलो. तुज्या घोवान आपलो रुमाल दिल्लो." नवरी होऊन ती त्याच गाडीतून आली होती. तेवढं बोलून उठली. पण दुसऱ्या दिवसापासून आपल्या आंगणातली माडाची सुकी चुडतां चुलीसाठी आणून टाकू लागली.

मग रोज संध्याकाळी हेच. कामावरून आला की टोप चुलीवर. कार्बोरेटर तापला की फडक्यात धरून बाहेर काढायचा, दांडीच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडायचा, माझ्या करवंटीच्या दवलीच्या, पळीच्या दांड्याने हळू टकटक करायचा, आणि निवायला ठेवायचा. पुन्हा ऊब, पुन्हा थेंब. मध्ये मध्ये त्याच्याशी बोलायचा. "ये की राजा. कोण मारत न्हाई तुला." मी रोज विचारायचे, "झालं का रे?" आणि तो रोज म्हणायचा, "उद्या." त्याच्या उद्यांवर माझा अजिबात विश्वास नव्हता.

आणि एका संध्याकाळी ती दांडी हलली. कणभरच. त्याने मला हाक मारली नाही, ओरडला नाही. बसल्या जागी तो गप्प झाला. हा माणूस गप्प, म्हणून मीच धावत गेले. चकती फिरत होती. उघड, मीट, उघड, मीट. तो नुसता बघत होता आणि मिशीवर डोळ्यांतलं पाणी आलेलं. म्हणाला, "डोळ्यांत धूर गेला." चूल तर विझलेली.

बाल्कांवात आमचे हे उठून उभे राहिले होते. त्या रात्री त्यांनी पेज पुरी संपवली.

राहिला जेट. त्याचं भोक काही मोकळं होईना. तारेने टोच म्हटलं तर नाही, भोक मोठं झालं की गाडी भसाभस पेट्रोल पिते म्हणे. वाटीत डिझेल घालून त्यात तो भिजत ठेवलेला.

चवथीच्या आदल्या सकाळी मी देवाची पितळ काढली. समया, निरांजनं, घंटा, ताम्हण. आंगणातली आंबट बिंबलं ठेचून बाल्दीत घातली, त्यात सगळं बुडवलं. दुपारी तो आला सुट्टी काढून. वाटी हातात घेऊन उभा. "मावशी, ह्यातलं कुठं गेलं?"

मी सकाळी वाटी रिकामी करून घासून ठेवली होती. त्यातलं ते पितळ? मला वाटलं समईचा मधला मळसूत्राचा तुकडा. टाकला बाल्दीत. सगळ्या समया सुटल्या, परत जुळल्या, तरी मिळेना. दीर यायची वेळ झालेली. शेवटी बाल्दी आंगणात उपडी केली, तर बिंबलांच्या चोथ्यात सोन्यासारखा चकाकत पडलेला. त्याने उचलला, धुतला, एक डोळा मिटून उन्हाकडे धरला.

"मावशी," तो म्हणाला, "आरपार आभाळ दिसतंय."

आंबटाने हिरवं खाल्लेलं. झटकन बसवलं त्याने सगळं. नवी बॅटरी, ताजं पेट्रोल तो आधीच आणून बसला होता. पण चावी लावायला तयार होईना. "न्हाई. मी वैद्य. संसार काकांचा." आमच्या ह्यांना हाताला धरून घेऊन आला. हे बसले, चावी फिरवली. गाडी खोकली, परत खोकली, काळा धूर सोडला, आणि मग जो आवाज लागला, शेजारीण भिजलेल्या हातांनी गडग्यापाशी येऊन उभी राहिली.

तेवढ्यात दिरांची गाडी दारात. बायको, मुलं आणि गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचं सामान. निरफणसापासून सुपारीच्या घोसापर्यंत गच्च भरलेली. उतरले, कान देऊन ऐकलं. चित्रशाळेतून मूर्ती आणायची होती, आणि त्या वर्षीची मूर्ती प्रभावळीमुळे उंच. दिरांच्या गाडीचं टप बुटकं.

हा लगेच पुढे. "दादा, जुन्या गाडीचं टप उंच असतंय. देव सरळ बसंल. तुम्ही मागं बसून धरा फकस्त."

गेले. हे चालवत, दीर मागे पाटावर गणपती धरून, आणि हा पुढे मोटरसायकलवर रस्ता मोकळा करत. परत आले तेव्हा दीर गाडीतून उतरेनात. मूर्ती घरात गेली तरी मागच्या सीटवर हात फिरवत बसले. मग मला म्हणाले, "वयनी, भंगारवाल्याला उद्या फोन करून नाही म्हणून सांगतो. देव बसलेली गाडी ती." आणि थोड्या वेळाने, "माझी बायकोसुद्धा ह्याच सीटवर बसून आली होती."

मांगर मात्र पुढच्या उन्हाळ्यात पाडला. खोल्या व्हायच्याच होत्या. गाडीला फणसाखाली पत्र्याची शेड झाली, आणि ती त्यानेच बांधली. पडवी गेली तसा तोही गेला, आपल्या गावी, स्वतःचं गॅरेज काढायला. हे त्याला आधीपासून माहीत होतं. गाडी राहिली तरी आपली जागा जाणार, हे ठाऊक असून महिनाभर टोपाला ऊब देत बसला. जाताना मी हुमण केलं होतं. मुद्दाम तिखट. त्याला ठसका लागला, तरी म्हणाला, "कमीच हाय."

कधी कधी फोन येतो त्याचा. माझी चौकशी नंतर. आधी सांगतो, "काकांना म्हणावं, गाडी चालू करा, ऐकू दे." मग हे आंगणात गाडी चालू करतात, मी फोन इंजिनाजवळ धरते.

तर तुम्ही असं करा. पुढच्या खेपेला धारगळला हमरस्त्यावर उतरा आणि एक फोन टाका. रिक्षा बघू नका. आमचे हे तुम्हाला न्यायला येतील, आमच्या हळर्णापर्यंत मागच्या सीटवर ऐसपैस बसून या. पण लवकर या हं, ह्यांचा गुडघा अजून क्लच दाबतोय तोवर.