तिसरी पिन

आबा एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोणी वाहायचे. सानपाड्याच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं. घशाच्या कॅन्सरमुळे आबांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हा मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो; फिजिक्स घेऊन, घराण्यातला पहिला. आबांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे बोलणंच संपलं. उरल्या खुणा, त्याही आम्हाला निम्म्याच कळायच्या. पुढे दुखणं पसरलं. डॉक्टरांनी आता काही महिनेच सांगितले.

आबा मार्केटातल्या मंडळात भजन म्हणायचे. त्यांच्या एका अभंगाची कॅसेट होती, पण आवाज इतका दबका की आमच्या टेपवर शब्द लागत नसत. आबा रोज कॅसेट माझ्या हातात द्यायचे आणि ऐकायचंय म्हणून कानाकडे बोट करायचे.

दुबईहून परतलेल्या एका शेजाऱ्याकडून मी जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला. आमच्याकडे मिक्सर असो की इस्त्री, प्लगची वरची जाड पिन कापूनच वापरायची पद्धत. अ‍ॅम्प्लिफायर आला आणि धाकट्या भावाने लगेच त्याचीही पिन उडवली. लावल्यावर नुसती घूंऽऽ अशी घरघर. त्याच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या.

"अडाण्यांनो, ती अर्थिंगची पिन होती!" मी ओरडलो. नवी जाड वायर आणली, तीन पिनांची. घरघर तशीच. मग स्टॅबिलायझर आणला. तो वरून स्वतःची टकटक करायला लागला.

"एवढं शिकलास, आन् एक घरघर जाईना व्हय तुझ्याच्यानं?" आई म्हणाली.

आबांनी कॅसेट उशीखाली ठेवून दिली. मागणंही बंद केलं. मीही सोडून दिलं होतं.

आमच्या वस्तीमागच्या जुन्या गावातले एक म्हातारे वायरमन आबांना बघायला आले. त्यांनी दोन तारा जोडलेला बल्ब सॉकेटमध्ये धरून पाहिला. खालच्या दोन भोकांत तो पेटला. एक तार वरच्या तिसऱ्यात घातली, तर नाही.

"याला वायरच नाय रं. नुसता भोक हाय."

पुस्तकात तिसरी पिन जमिनीत जाते. आमच्या घरात ती कुठेच जात नव्हती. आणि मी, फिजिक्सवाला, ते सॉकेट उघडून पाहिलं नव्हतं. अडाणी कोण, ते मला त्या दिवशी कळलं.

"खड्डा खण. कोलसा टाक, मीठ टाक. मिठागरावर जन्म गेला आमचा, मीठ मी देतो."

मोरीमागे आम्ही खड्डा खणला, पाइप पुरला, त्याची तार सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला जोडली.

अ‍ॅम्प्लिफायर लावला. आबांना उठून बसवत नव्हतं. स्पीकर खाटेजवळ ओढला. आबांचा आवाज खोलीभर झाला.

"हळू म्हना की जरा, शेजारी काय म्हनतील," आई सवयीने बोलून गेली, आणि पदर तोंडाला लावून मोरीत गेली.

आबा त्यानंतर जेमतेम तीन आठवडे होते. अभंग त्यांनी पूर्ण ऐकला, शब्दन् शब्द, घरघरीशिवाय.