कानपिळे काकांची फी

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी, सकाळी सव्वासहाला, कर्जतजवळ कोंडाण्याच्या रस्त्याला उल्हास नदीच्या डोहावर आम्ही अकरा जण हजर होतो: पोहायला शिकणारी नऊ मुलं, मी आणि कानपिळे काका. फी माणशी एक नारळ, तीही महिनाअखेर. तासाभरानं मुलं पाण्याबाहेर आली आणि काकांनी एकेकाचा कान धरून पिळला. काठावरून जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, "काय केलं रं पोरांनी?"

काका म्हणाले, "पोहली."

कानपिळे हे आडनाव मुलांनी ठेवलेलं. काका खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. पोहून झालं की प्रत्येकानं डोकं कलतं करून एका पायावर दहा उड्या मारायच्या, मग दुसऱ्या बाजूला दहा. मोजायला मी. "पाणी नदीचं हाय, तिचं तिला परत द्या," हे त्यांचं रोजचं वाक्य. मग टॉवेलनं फक्त बाहेरचा कान पुसायचा. काडी, पिन, कापूस, आत काहीच नाही. शेवटी काका कान हलकेच ओढत, कानाच्या तोंडाशी असलेला उंचवटा दाबत आणि विचारत, "दुखतं?"

"नाय."

"मंग उद्या या."

माझी मुलगी मुक्ता, वय बारा, त्या नवांत सगळ्यांत वेगवान. महिनाअखेरच्या रविवारी पनवेलला मुलींची पन्नास मीटरची शर्यत होती. मी डोहात दोर टाकून पंचवीस मीटर मोजले, घड्याळ घेऊन काठावर बसलो. तीन आठवड्यांत ती चव्वेचाळीस सेकंदांवरून एकेचाळीसवर आली. माझं ऑफिसात लक्ष लागेना. काका तर तिच्याबरोबर काठानं पळत, चपला हातात घेऊन.

शर्यतीआधीच्या गुरुवारी मुक्ताचा कान दुखायला लागला. मी खोबरेल तेलात लसूण तापवली, कोमट करून दोन थेंब घातले, आणि शुक्रवारी काही न बोलता तिला डोहावर नेलं. काकांनी कान ओढला तशी ती कळवळली. काकांनी बोटाचा वास घेतला.

"लसूण?"

"दोनच थेंब, काका. कोमट होतं."

"एवढा हिशेबी माणूस तू. तुला शून्य मोजता येत नाय?"

मग त्यांनी आपल्या डाव्या कानाकडे बोट केलं. त्यांच्याशी नेहमी उजव्या बाजूनंच का बोलावं लागतं, ते मला तेव्हा कळलं. "एकोणीस वर्साचा व्हतो. कान वाहत व्हता, तरी कढत तेल ओतलं. फुटक्या मडक्यात ओतावं तसं. पिळून दुखलं म्हंजे बाहेरची वाट सुजली असंल, एवढंच मला कळतं. आतला पडदा मला दिसत नाय, तुलाबी नाय. ज्याला दिसतो त्यानंच थेंब द्यावा."

घरी काय करायचं ते त्यांनी बोटांवर मोजून दिलं: कोरडं, सोसवेल इतपत गरम फडकं बाहेरून धरायचं, दुखणं थांबवायचं औषध वयाच्या मापानं द्यायचं, कानाला पाणी लागू द्यायचं नाही. ताप आला, कान वाहिला, कानामागं सूज आली किंवा माणूस मधुमेहाचा असला, तर एवढंही करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

त्याच सकाळी दहा वाजता आम्ही कर्जतच्या डॉक्टरांकडे होतो. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं. पडदा शाबूत होता. बाहेरची नळी सुजली होती. त्यांनी औषधाचे थेंब लिहून दिले आणि दहा दिवस पाणी बंद केलं. शर्यतीला दोन दिवस उरले होते.

मुक्ता काकांवरच चिडली. "तुम्ही घाबरट आहात."

"हाय ना गं." काकांनी उजव्या कानाला हात लावला. "म्हणून हा एक तरी उरलाय."

महिनाअखेरीला त्यांनी आठ नारळ घेतले. मुक्ताचा परत केला. "तुजी फी पुढल्या शर्यतीनंतर."

यंदा ती पनवेलला पोहली. सदतीस सेकंद, दुसरा नंबर. ओरडून माझा घसा बसला. ती मात्र फलकाकडे न बघता आधी एका पायावर उड्या मारत होती. दहा, मग दहा. बाकीच्या मुली हसल्या, आणि मग त्यांतल्या दोघी तिच्यासारख्याच उड्या मारू लागल्या.

दुसऱ्या दिवशी काका मुलाकडे नाशिकला कायमचे निघाले होते. खोपोलीच्या एसटी स्टँडवर आम्ही पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती. मुक्ता त्यांच्या उजव्या बाजूला गेली, नारळ पुढे केला. "दुसरी आले, काका."

काकांनी नारळाकडे पाहिलंच नाही. आधी तिचा एक कान ओढला, मग दुसरा.

"दुखतं?"

"नाय."

मग दोन्ही हातांनी नारळ घेतला.