दोनदा बंद पडलेला इन्व्हर्टर

शिरूर कासारमधल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. आमच्या समोरच्या सरांना एखादी वस्तू विकण्यापेक्षा दुकान विकणं सोपं, असंच तो सांगेल. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. छताचा पंखा घेताना ते दुकानात त्याच्याखाली पाऊण तास खुर्ची टाकून बसले होते. नवी चप्पल ते स्टँडपर्यंत चालवून आणतात, तोवर जुनी दुकानदाराकडे तारण असते. पण गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर निवडायला त्यांनी तीन उन्हाळे घेतले, आणि ते तिन्ही उन्हाळे काकू पुण्याला लेकीकडे राहिल्या. काकूंना दमा आहे आणि सरांचा स्लॅब मार्चपासूनच तापतो. घरात एसी लावायचा, त्याचं बिल सोलरवर निभवायचं, म्हणजे काकूंना उन्हाळ्यात गाव सोडायला नको, असा बेत होता. बेत सोपा होता. निवडणारे सर होते.

माहितीपत्रकं इंग्रजीत असत, म्हणून मला बोलावणं येई. ‘इंग्लिश मीडियमची हाय,’ अशी ओळख करून देत ते मला घरोघरी नेत. मी स्वतःचा फोनही सहसा उचलत नाही, पण कंपन्यांच्या मदत क्रमांकांवर रविवारी भर दुपारी फोन लावायचं काम माझ्याकडे आलं. विचारायचं काहीच नसे. कुणी उचलतं का, एवढंच पाहायचं, आणि उचललं की ‘सॉरी’ म्हणून ठेवायचं. ‘दहा वर्षांची वॉरंटी कुणी बी छापतंय,’ सर म्हणत. ‘फोन उचलणारा माणूस छापता येतो का?’

ज्यांच्याकडे सोलर होतं ते लोक कौतुकाने आपला इन्व्हर्टर दाखवत. सर त्याला उलटा हात लावून ताप बघत आणि विचारत, ‘कधी बंद पडलाय का?’ ‘एकदा बी न्हाई, सर,’ असं अभिमानाने सांगितलं गेलं की अर्धा चहा ठेवून उठत. बाहेर आल्यावर मला म्हणत, ‘जो पडलाच न्हाई, तो उठतोय का न्हाई, हे कसं कळायचं पोरी?’ चकलांब्याला मात्र एका घरातल्या बाई संकोचून म्हणाल्या, ‘आमचा दोनदा बंद पडलाय बघा. दोन्ही बारी तिसऱ्या दिवशी माणूस आला अन् चालू करून गेला.’ सरांनी तिथे दुसरा चहा मागून घेतला. पुढच्या महिन्यात तोच इन्व्हर्टर त्यांच्या भिंतीवर लागला, आणि खोलीत एसीही आला.

बघायला आलेला त्यांचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, ‘सर, हा लाईनीच्या तारेला जोडलेला. लाईट गेली की हा बी बंद पडणार. मग कामून घेतला?’

‘तवा दुरुस्तीला लाईनमन खांबावर चढलेला असतोय रे. माझ्या गच्चीवरची वीज त्याच्या हाताला लागली मंजी? म्हणून तो आपणहून बंद होतोय. वर्गात झोपायचास, अजून उठला न्हाईस.’

त्याच संध्याकाळी सरांनी माझ्यादेखतच काकूंना फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवला होता. ‘खोली गार झाली. कधी येतीस?’

‘हितं बरं चाललंय माझं,’ काकू म्हणाल्या. ‘सकाळी बायाबाया मिळून बागेत जातो. दम बी लागत न्हाई. तुमी ठरवायला तीन वर्षं लावली, मी बी जरा बघते की.’

‘बघ, बघ,’ सर म्हणाले. ‘घाई न्हाई.’

एप्रिलमध्ये इन्व्हर्टरच्या पडद्यावरचं इंग्रजी वाचायला त्यांनी मला बोलावलं. भर दुपार होती. सर खांद्यावर ओला पंचा टाकून पंख्याखाली बसले होते. एसीवर धूळ बसू नये म्हणून काकूंची जुनी ओढणी घातलेली होती. पडद्यावर सगळं ठीक होतं, तसं मी सांगितलं. मग, मी सहसा विचारत नाही, पण विचारलं, ‘सर, एसी का नाही लावत?’

‘एकट्याला काय करायचाय?’

‘मग एवढी वीज जाते कुठे?’

‘लाईनीच्या तारेत. जवळच्या घरात जाती पयली,’ त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. ‘तुमच्याकडं.’

मी घरी आले. आमचा कूलर चालू होता आणि आई त्याच्यासमोर गाढ झोपली होती.