लांब तोंडाची बॅट

दुकानात ह्यांनी पिकलबॉलची नवी बॅट हवेत फिरवून पाहिली. नेहमीपेक्षा लांब तोंडाची, म्हणजे चेंडू मारायची फळीच लांब. "फटक्याला जोर येतो, हाताची पोचही वाढते," दुकानदार म्हणाला, "फक्त ताबा हवा, काका." ह्यांनी मान डोलावली. ताब्याची काळजी ह्यांना कधीच नव्हती.

सोसायटीच्या कोर्टवर आम्ही दोघं एका बाजूने खेळतो. चेंडू माझ्याकडे आला की ह्यांचा आवाज येतो, "सोड, मी घेतो." मी बाजूला होते. आता तर हाक येण्याआधीच पाय मागे सरकतात. बँकेत माझ्या बढतीबरोबर बदली आली, तेव्हाही हे एवढंच म्हणाले होते, "सोड." मी नोकरी सोडली. त्या शब्दात जरब नव्हती. दुसऱ्याच्या हातातली जड पिशवी घेताना असतो तसा मायेचा सूर होता. ओरडले असते तर मी भांडले तरी असते. मायेने काढून घेतलेल्या गोष्टीची तक्रार कुणाकडे करायची? शेजारणी तर म्हणतात, नशीबवान आहेस.

कोर्टाची एक कड माझ्या वाट्याला उरली होती. ह्या बॅटीने तीही जाईल.

लांबी ताडून पाहायला दुकानदाराने मी सोबत आणलेली माझी बॅट मागून घेतली. तिच्यावरून अंगठा फिरवत म्हणाला, "काकू, हिच्यावर साधा ओरखडाही नाही. अजून खेळायला सुरुवात नाही केली?"

मी तोंड उघडलं.

"दोन वर्षं रोज खेळते ती," हे म्हणाले.