बर्फाला आवाज नसतो

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी कित्येक वर्षं वाचतेय, आणि त्यांच्या खाली "गॅसेस झाले असतील, ओवा खा" छापाच्या ज्या प्रतिक्रिया असतात, त्यातल्या दोन-तीन माझ्याच आहेत. तेव्हा माझ्या अनुभवाखाली काय काय येणार याची मला पूर्ण कल्पना आहे. लिहा, मी रागावणार नाही.

मी कादंबऱ्या लिहिते. फार खपत नाहीत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. नागपुरात मनीषनगरला आमचं छोटं रो-हाउस आहे. समोर अंगण, कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला कूलर, आणि शेजारच्या अंगणात आणि आमच्यात माणसाच्या उंचीची एक भिंत. पलीकडे नलूकाकू राहतात. ही भिंत लक्षात ठेवा.

गेल्या हिवाळ्यात मी बर्फावर कादंबरी लिहीत होते. आता नागपूरच्या बाईने बर्फावर लिहायचं म्हणजे... आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवाला गोणपाटात घालून फोडतो तो. आकाशातून पडलेला बर्फ मी जन्मात पाहिलेला नाही. तरी लिहीत होते, आणि त्याचं कारण होतं बाबूजी.

बाबूजी, म्हणजे माझे वडील, फौजेत ट्रक चालवायचे. बरीच वर्षं लडाखच्या बाजूला होते. मी लहान असताना एका हिवाळ्यानंतर सुट्टीवर आले, ते डाव्या पायाची दोन बोटं गमावून. "जॅक पडला," एवढंच म्हणाले. आई सांगायची, लग्न झालं तेव्हा हा माणूस म्हणजे नुसता रेडिओ होता, बंदच व्हायचा नाही. त्या सुट्टीपासून मात्र कामापुरतं बोलायला लागले. मी मोठी झाल्यावर किती वेळा विचारलं, बाबूजी, तिकडे काय झालं होतं? "बर्फ होता," म्हणायचे आणि पेपर उघडायचे. तो हिवाळा त्यांच्या तोंडून ऐकायचा, एवढी एकच गोष्ट मला त्यांच्याकडून हवी होती. आणि दसऱ्याच्या सुमारास त्यांना लकवा आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतं त्यांना. समजतं किती ते सांगता येत नाही. बोलणं परत येईल असं धरून चालू नका."

मग मी ठरवलं, त्यांनी सांगितलं नाही ना, आता मीच लिहीन.

त्या हिवाळ्यात थंडीही जबरदस्त होती. सकाळी अंगणात ऊन आलं की मी आणि विलास, माझा नवरा, बाबूजींना खुर्चीसकट बाहेर आणायचो. मफलर, कानटोपी, पायावर शाल. विलास कॉलेजला गेला की मी शेजारी बसायचे. आधी अभ्यास, म्हणजे लायब्ररीतून आणलेली डोंगरांवरची पुस्तकं आणि मोबाईलवर हिमवर्षावाचे व्हिडिओ. मग मांडीवर पॅड घेऊन पेन्सिलने लिखाण. संध्याकाळी घरात नुसतं वाचन. इतका छान हिवाळा माझ्या वाट्याला पूर्वी आला नव्हता, खोटं कशाला बोलू.

माझी एक जुनी सवय सांगायला हवी. लिहून पूर्ण होत नाही तोवर मी एक ओळही कुणाला दाखवत नाही की ऐकवत नाही. विलासलाही नाही. अर्धवट लिखाणाला नजर लागते असं नाही, माझाच हुरूप जातो. शिवाय माझं अक्षर असं आहे की कुणी चोरून वाचायचं म्हटलं तरी जमणार नाही.

आता नलूकाकू. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आयुष्यभर लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले. रिटायर झाल्यावर कान गेले. मशीन आहे, पण ते बहुतेक वेळ डबीत असतं, "टोचते" म्हणून. थंडीत त्यांचा मुक्काम भिंतीपलीकडे, बाजेवर, उन्हात. तुरीच्या शेंगांचा ढीग घेऊन सोले, म्हणजे हिरवे दाणे, काढत बसायच्या. मधूनमधून कुणाशी तरी बोलल्यासारखा त्यांचा आवाज यायचा. मला वाटायचं, फोनवर असतील.

एका दुपारी मशीन कानात बसवत त्यांचं डोकं भिंतीवरून वर आलं.

"काय वं शुभा, बाबूजींची वाचा परत आली अन् तू सांगतलं बी नाही मले?"

"नाही हो काकू. कुठलं काय!"

"आता मलेच शेंडी लावते का? रोज बोलून राहिले ते. आज तर हसून राहिले होते तुझ्यावर."

"माझ्यावर? काहून?"

"म्हणे, आमची पोरगी बर्फ म्हणून गारा लिहून राहिली. बर्फ पडला तं आवाजच होत नाही म्हणे. हिनं ही टणटण कुठून आणली?"

मी बाबूजींकडे पाहिलं. ते नेहमीसारखे कूलरकडे बघत बसले होते.

त्या सकाळी मी लिहिलं होतं, की ट्रकच्या टपावर बर्फ टणाटण वाजत होता. बरोबरच आहे ना, आम्ही वरून पांढरं काही पडताना पाहिलेलं म्हणजे गारपीट, तीही टिनावर. आणि मोबाईलवरच्या सगळ्या व्हिडिओंना मेलं संगीत लावलेलं. काकू गेल्यावर मी शोधून शोधून बिनसंगीताचा एक व्हिडिओ काढला. कुणीतरी खिडकीत मोबाईल धरून नुसता बर्फ पडताना दाखवला होता. आवाज असा काहीच नव्हता. धरणाऱ्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

विलासला सांगितलं तर तो म्हणाला, "तू लिहिताना पुटपुटत असशील. तेच ऐकलं असन काकूंनी." बहिऱ्या बाईने भिंतीपलीकडून? पण मलाही ते पटवून घ्यायचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बाबूजींच्या शालीवर ठेवला आणि तोंड घट्ट मिटून लिहीत बसले.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ते ऐकलं. माझी पेन्सिल होती. झाडावरच्या साळुंक्यांची भांडणं होती, भाजीवाल्याचा भोंगा होता. बाबूजींचा एक शब्द नाही, माझाही नाही. पण भिंतीपलीकडून नलूकाकूंचा आवाज स्पष्ट येत होता. "हं..." मग बराच वेळ काही नाही. "अरे बापा!" पुन्हा शांतता. "मग? मग काय केलं तुम्ही?"

विलासने मोबाईल बंद केला आणि म्हणाला, "फोनवर असतील." पण काकूंचा फोन बिघडून दुकानात पडला होता, आणि तो तिथे टाकून आलेला विलासच होता.

तुम्ही म्हणाल, घाबरली असशील. अजिबात नाही, मला राग आला. भयंकर राग आला. आयुष्यभर मी या माणसाच्या तोंडाकडे बघत बसले, आणि हा भिंतीपलीकडच्या बाईला गोष्टी सांगतोय? मी पोटची पोरगी इथे हातभर अंतरावर बसलेय आणि मला एक शब्द ऐकू येत नाही? दोन दिवस मी बाबूजींशी धड वागले नाही. मफलर बांधतानासुद्धा जरा करकचून बांधला.

त्यात कादंबरीही अडली होती. माझा ट्रक बर्फात रुतला होता, आत ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार हरभजन. पुढे काय ते मला सुचत नव्हतं. शेवटी मान-अपमान गुंडाळून ठेवला आणि बाबूजी जेवून झोपल्यावर नलूकाकूंच्या बाजेवर जाऊन बसले. चार शेंगा हातात घेतल्या.

"काकू, ट्रक अडकला. पुढे?"

काकूंनी मशीन कानात घातलं. त्यांना यात काही विचित्र वाटतच नव्हतं.

"तुले नाही सांगत का ते? बरं. तर डिझेल संपलं. अन् किसनले झोप येऊन राहिली होती."

"किसन कोण?"

"त्यायचा जोडीदार. भंडाऱ्याकडचा पोरगा. तिथं झोपला की माणूस गेलाच समज. म्हणून बाबूजी बोलत राहिले. गावचं, संत्र्याच्या झाडाचं, बैलाचं, लग्नात काय झालं त्याचं. तू बोबडी कशी बोलत होती, ते बी सांगतलं. बोलणं थांबलं की किसनचे डोळे मिटत. मग पुन्हा नवीन काही काढायचं."

त्या सोले निवडत राहिल्या. मी शेंग हातात धरून बसले होते.

"मग शेवटी काही उरलंच नाही म्हणे सांगाले. होतं नव्हतं सगळं सांगून झालं. म्हणे, मी थांबलो, अन् तो गेला."

"आणि बोटं?"

"तिथंच गेली. जॅक-बिक काही नाही. घरी काय सांगाव म्हणून सांगतलं म्हणे. त्याच्यानंतर बोलावंसंच वाटलं नाही त्यायले."

मी रडले, तिथेच, शेंगांच्या टोपल्याजवळ. काकूंनी पाठीवर हात फिरवला आणि जरा वेळाने म्हणाल्या, "आज थकले होते वं. म्हणे, आता मले झोप येऊन राहिली. पोरगी जवळ बसून राहते, पण बोलत नाही."

घरी आले तेव्हा बाबूजी जागे होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बाबूजी, किसन." बस, एवढंच. दसऱ्यापासून ज्या डोळ्यांत मला ओळख दिसली नव्हती, ते माझ्याकडे वळले. डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं, आणि केवढ्या जोरात! बराच वेळ सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सवय मोडली. पॅड उघडलं आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले. खोडाखोडीसकट, अडखळत. हरभजनच्या जागी किसन. टणाटण काढून टाकलं. सकाळभर लिहायचं आणि लिहिलं की लगेच ऐकवायचं. लिहून झालेलं संपलं की पेपर वाचायचा, तोही संपला की भाजीचे भाव, शेजारच्यांच्या भानगडी, माझ्या लहानपणच्या आठवणी. थांबायचं नाही, एवढं ठरवलं होतं. घसा बसला तर गुळण्या करून पुन्हा.

नलूकाकूंना मी विचारलं, काही ऐकू येतं का? हसल्या. "आता कुठून येईन? तू बोलून राहिली नं. लाइन बिझी."

बाबूजी गेले ते उन्हं तापायला लागल्यावर, कूलर उघडायच्या आधी. सकाळची वेळ होती. कादंबरीचं शेवटचं प्रकरण मी वाचत होते. त्यांची मान जरा कलली, मला वाटलं ऊन डोळ्यावर येतंय. पान संपलं, तेव्हा मी वर पाहिलं.

विलास म्हणतो, नलूकाकूंनी ही गोष्ट कधीतरी आईकडून ऐकली असेल. पण आम्ही इथे राहायला आलो त्याच्या कितीतरी आधी आई गेली, आणि तिलाही जॅकच माहीत होता. बाबूजींच्या फौजेतलं कुणी आमच्या ओळखीत नाही, त्यामुळे किसन खरंच होता का, हे विचारायलाही कुणी नाही. समजा सगळं काकूंच्या मनाचे खेळ. मग टणाटणची ती ओळ, जी मीच फक्त वाचू शकते, ती त्यांना कशी कळली? रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. महिन्या-दोन महिन्यांनी ऐकते. दर वेळी तेच, काकूंचा "हं..." आणि मधली शांतता.

तेरवी झाल्यावर नलूकाकू सोल्यांची भाजी घेऊन आल्या होत्या. जाताना दारात घुटमळल्या.

"सांगू का नको, असं होऊन राहिलं होतं मले. गेले त्या दिवशी सकाळी बाबूजी आले होते लाइनवर. तू वाचून राहिली होती, तरी बी. मी तुले हाक माराले उठली होती भिंतीपाशी."

"मग मारली का नाही?"

"त्यायनंच नाही म्हटलं. म्हणे, थांबवू नको तिले. चालू दे."