बिनखोडीचं पुस्तक

किसननाना पुस्तक हातात घ्यायचे ते बैल पारखायला घ्यावा तसं. आधी पाठीवरून हात फिरवायचा, मग चारी बाजूंनी निरखायचं, मध्येच कुठेतरी उघडून दात बघावेत तसं आत डोकवायचं, आणि मग माझ्याकडे मान वळवून गंभीरपणे विचारायचं, "सर, याची खोड काय?"

नाना काष्टीच्या बाजारातले हेडी होते, म्हणजे जनावरांचे सौदे जुळवून देणारे. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, खांद्यावर टॉवेल. बाजाराच्या दिवशी दुपारी सौदे उरकले की ते आमच्या वाचनालयाचा जिना चढून यायचे आणि त्यांच्या आधी शेणाचा आणि तंबाखूचा वास वर यायचा. मी त्या वाचनालयाचा ग्रंथपाल. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी आणि कारकुनी, त्यामुळे वासाच्या बाबतीत मी जरा नाजूक आहे. पहिल्या दिवशी मी मुकाट्याने खिडकी उघडली. नानांनी ते बघितलं आणि म्हणाले, "उगडा उगडा. आमाला सवय हाय, तुमाला न्हाई."

त्यांना हवी होती लहान मुलांची पुस्तकं. "राक्षस, जादू, उडता घोडा, आसली. पर जाड पायजेत. धा पानांत संपनारी नकोत." मुलगी सहावीत होती, शीतल. तिच्यासाठी. रोज जेवणं झाली की बाप आणि लेक मिळून वाचायची, एक पान तिने, एक पान यांनी. माझ्याकडे मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट होतं खरं, पण त्यातलं एकही मी वाचलेलं नव्हतं. वैचारिक, चरित्र, कादंबरी असे विभाग मी मोठ्या निष्ठेने लावले होते. मुलांची पुस्तकं मात्र उंचीप्रमाणे. आत काय आहे हेच ठाऊक नसल्यावर माणूस दुसरं काय करणार?

खोडीचा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला आणि मी गडबडलो. म्हटलं, बांधणी जरा सैल आहे. नाना हसले. "ती न्हाई वो. आतली खोड." मग त्यांनी मला त्यांचा धंदा समजावून सांगितला. कोणी बैल मारका असतो, कोणी जुवाखाली बसतो, कोणी पाण्याला बुजतो. बाकीचे हेडी ते झाकतात. नाना मात्र सौद्याच्या आधी चारचौघांत मोठ्याने सांगायचे, की हा बसतो बरं का, घ्यायचा तर घे. न सांगितलेली खोड मागाहून निघाली, तर जनावर विनातक्रार माघारी. "बिनखोडीचं जनावर मी आजवर बगितलं न्हाई," ते म्हणाले, "आन् पुस्तक तरी कुटनं आसंल? तुमी वाचल्यालं आसंल ना, मंग सांगा."

मी वाचलेलं नव्हतं. पण ग्रंथपालाने असं कबूल करायचं म्हणजे हलवायाने साखर चाखली नाही म्हणण्यासारखं. मी ठोकून दिलं, "शेवटी शेवटी जरा लांबलंय." नाना समाधानाने पुस्तक टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले. पुढे हेच वाक्य मी तीन पुस्तकांना वापरलं.

पुस्तक परत करताना त्यांच्या तक्रारी ऐकण्यासारख्या असत. उडत्या घोड्यावर त्यांचा भारी राग. "तीन राज्यं पालथी घातली त्या पोरानं, पर घोड्याला एकदा तरी पानी पाजलं का? दावनीला बांदला का? मान्सं हायती का कोन!" एका राक्षसाबद्दल मात्र त्यांना आपुलकी वाटली होती. "त्याचा दोस न्हाई. लहानपनी मारल्यालं जनावर आसंच व्हतं." मला हसू यायचं आणि मी गोंधळायचोही. या माणसाला राक्षस मान्य, उडणं मान्य, आणि अडत होतं कशावर, तर घोड्याच्या पाण्यावर.

चौथं पुस्तक मात्र त्यांनी टेबलावर ठेवलं ते जरा जोरात.

"सर, याच्यात बी आई मेल्याली हाय. पयल्याच पानावर."

"याच्यात बी म्हणजे?"

"चारी पुस्तकांत. ह्या लिवनाऱ्यांचं आयांशी काय वाकडं हाय?"

मी थट्टेवारी नेलं. पण ते गेल्यावर सहज म्हणून कपाट उघडलं आणि एकेका पुस्तकाची पहिली पानं चाळली. नानांचं म्हणणं खरं निघालं. कुठे आई तापाने गेलेली, कुठे वादळात, कुठे तिचा नुसता फोटो भिंतीवर. एका पुस्तकात तर आईबाप दोघांनाही पहिल्याच ओळीत निकालात काढलं होतं. मुलांना आनंद द्यायला निघालेली ही माणसं कामाला सुरुवात अशी का करतात, ते माझ्या काही डोक्यात शिरेना.

नगरला एका कॉलेजात माझा एक मित्र मराठी शिकवतो. त्याला फोन लावला. तो अर्धा तास बोलला. म्हणाला, आई असेल तर ती मुलाला जंगलात जाऊच देणार नाही. मूल एकटं पडलं तरच गोष्ट चालायला लागते. मला हे पटलं. पुढच्या बाजारी मी ते आपलंच असल्याच्या थाटात नानांना ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पाडा चालावा म्हनून गाय मारायची?"

"आई जिती आसल्यालं एक काडा," नाना म्हणाले. "एकच बास."

मी शोधलं. एका पुस्तकाच्या वेष्टनावर एक मुलगी आणि तिची आई हातात हात घालून टेकडी चढताना दिसल्या. पहिलं प्रकरण बघितलं, आई जिवंत. मधलं बघितलं, आई मुलीला रागावत होती, म्हणजे ठणठणीत. शेवट बघायचा राहिला. वाचनालयाची वार्षिक तपासणी तोंडावर आली होती आणि मी नोंदींच्या ढिगाऱ्यात बसलो होतो.

"खोड?" नानांनी विचारलं.

"काही नाही. आई धडधाकट आहे."

"बगा हां सर. शेवटपतुर बगितलं ना?"

"बघितलंय हो," मी वर न बघता म्हणालो.

दोन दिवसांनी मी खाली चहावाल्याकडे उभा असताना तो म्हणाला, "किसननानांच्या घरचं कळलं का सर? मालकीन चार म्हैने झालं नगरला दवाखान्यात हायती. डाक्टरनी हात टेकल्यात म्हन्त्यात. पोरीला आजून कायच सांगितलं न्हाई."

चार पुस्तकं, चार मेलेल्या आया, त्यांचं ते 'एकच बास', सगळं एकदम ध्यानात आलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती. त्या पुस्तकाच्या शेवटी काय आहे ते मला माहीत नव्हतं आणि वाचनालयात दुसरी प्रत नव्हती. नानांना फोन लावला, तो बंद. दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीने नगरला गेलो आणि एका दुकानात ते पुस्तक उभ्याउभ्या मागून उघडलं. आई शेवटी डोंगर होते. गावावर येणारं दुष्काळाचं भूत अडवण्यासाठी ती हळूहळू, पायांपासून वरपर्यंत, दगडमाती होत जाते आणि मुलगी एकटीच घरी परत येते. मला पुढचं वाचवेना. दुकानदाराने विचारलं, बरं वाटत नाही का? मी पुस्तक परत ठेवून एसटी स्टँड गाठला.

लगोलग नानांच्या वस्तीवर गेलो. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, लेकीला घेऊन कालच नगरला गेले. म्हणजे मी ज्या गावाहून आलो होतो, त्याच गावात ते होते.

त्यानंतर पाच बाजार नाना आले नाहीत. सहाव्या बाजारी जिन्यात पावलं वाजली. ते वर आले तेव्हा त्यांच्या मुंडन केलेल्या डोक्यावर केसांचे खुंट उगवले होते. काय झालं ते विचारायची गरजच उरली नाही. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर बसले.

"खोड सांगितली न्हाई तुमी," ते म्हणाले.

"चुकलं नाना. मी शेवट वाचलाच नव्हता. तुमच्याशी खोटं बोललो."

"चुकलंच." मग त्यांनी टॉवेलाने मान पुसली. "आन् मी तरी कुटं सांगितली? बाजारात शंभर मान्सांत बैलाची खोड सांगतो मी. घरात एका पोरीला सांगाया तोंड उगडंना. तिला म्हनायचो, रानातला कांदा निगाला की आई घरी येनार. तिनं एकटीनं शेवट वाचला आन् गोठ्यात आली माझ्याकडं. म्हनली, नाना, आपली आई पन डोंगर व्हनार हाय का?"

मी समोरच्या नोंदवह्या बाजूला सारल्या.

"मी व्हय म्हनलो," नाना म्हणाले. "न्हाई म्हनता आलं आसतं का? दुसऱ्या दिशी पुस्तक घेऊन म्हनली, मला आईकडं न्या. नेली. आत एकालाच सोडत हुते. मी भाईर बाकड्यावर. दार अर्धं उगडं. ही वाचत हुती, ती आयकत हुती. मला वाटलं, आता दोगी रडत्याल, मंग मला उटून जावं लागंल. आन् सर, त्या हसाया लागल्या. अशा हसल्या, की नर्स येऊन रागं भरून गेली. चार म्हैन्यांत मालकीन हसली नव्हती. मला लई राग आला. का आला ते बी कळंना."

त्यानंतर आठ दिवसांनी शीतलची आई गेली. त्या आठ दिवसांत शीतल रोज तेच प्रकरण वाचायची आणि रोज दोघी हसायच्या. नाना रोज बाहेर बाकड्यावर बसलेले असायचे.

"शीतलला विचारलं नाही, कशाला हसत होता म्हणून?"

"इचारलं. म्हनली, नाना, तुमाला न्हाई कळायचं."

ते निघायच्या तयारीत होते. बैल विकले होते, लेकीला नगरच्या शाळेत घातलं होतं आणि नगरलाच बहिणीच्या घराशेजारी खोली घेतली होती. आता बाजारात येणं होणार नाही, म्हणाले. आणि खरंच, त्यानंतर ते मला कधी दिसले नाहीत. मुलांच्या या पुस्तकांत नेमकं काय असतं, हे मी अजूनही कोणाला सांगू शकत नाही. आता ती सगळी वाचतो, शेवटपर्यंत वाचतो, विचारणाऱ्याला शेवट खरा सांगतो. पण ते 'काय' काही माझ्या हाती लागत नाही. त्या दिवशी तर मी फक्त घाबरलेला होतो.

"शेवटलं परकरन वाचा," टेबलावरचं पुस्तक माझ्याकडे सरकवत नाना म्हणाले. "मला चष्म्यानं बी दिसंना झालंय त्या पानावर. कुटं हसल्या ते दावा. तेवडं दावा, मंग जातो."

मी वाचायला लागलो. खाली बाजार मोडत आला होता, टेम्पोत जनावरं चढवणाऱ्यांचा आरडाओरडा चालला होता, त्यामुळे मला मोठ्याने वाचावं लागत होतं. आईचे पाय दगड होतात. मग गुडघे. मुलगी रोज भाकरी घेऊन येते. कमरेपर्यंत डोंगर झालेली आई तिला विचारते, दूध झाकलंस का, वेणी का घातली नाहीस. मग हात जातात. प्रकरण संपलं. नाना डोळे मिटून ऐकत होते.

"याच्यात काय हाय हसन्यासारकं?"

"मला तर काही दिसत नाही, नाना."

"मला बी न्हाई. पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. या वेळी हळू, एकेक ओळ, जणू कुठल्या तरी शब्दाखाली ते हसू दडलेलं असेल. आई गळ्यापर्यंत डोंगर झाली. पाऊस पडला आणि तिच्या डोक्यावर हिरवंगार गवत उगवलं. मुलगी त्या गवताची वेणी घालायला बसली, तेव्हा आई म्हणाली, "बघ गं, जन्मभर तेल चोपडलं तेव्हा आले नाहीत. आता आले बाई दाट केस."

"थांबा," नाना म्हणाले.

मी थांबलो.

"घरी हुती तवाच तिचं केस गेल्तं ना सर, समदं. औशदानं. पदर काडायची न्हाई डोक्यावरनं. पोरीम्होरं बी न्हाई. शीतलच फनी घेऊन मागं लागायची, आई, वेनी घालू का, आन् ही चिडायची तिच्यावर." त्यांनी पुस्तकाकडे बोट दाखवलं. "वाचा की तेवडंच पुन्यांदा."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. नानांच्या घशातून एक आवाज निघाला. आधी मला वाटलं ठसका लागला. पण ते हसत होते. खुर्ची हलेपर्यंत हसले, टॉवेल तोंडावर दाबून हसले, आणि टॉवेल खाली आला तेव्हा त्यांचा चेहरा ओला झालेला होता, तरी हसणं थांबलं नव्हतं. "आता आलं म्हनं दाट क्यास," ते म्हणत होते, "आता आलं म्हनं." मला हसावं की रडावं कळेना. मी ओळीवरचं बोट न काढता तसाच पुढे वाचत राहिलो.