गेल्या रविवारी तिथे कोण जाऊन आलं?

मी श्रीरामपूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एकवीस वर्षं झाली या कामाला. ‘मला आतून असं वाटतंय’ असं कोणी म्हणालं, की मी म्हणते, वाटण्याचं राहू द्या, सॅम्पल द्या, उद्या रिपोर्ट बघू. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वाचते... पण खरं सांगू का, बरेचदा हसण्यासाठी. आमच्या चर्चमध्ये देवाने स्वप्नात काय दाखवलं त्याची साक्ष द्यायला कोणी उठलं तरी माझं लक्ष घड्याळाकडे असतं. त्यामुळे हे मी लिहितेय, यावर माझाच विश्वास बसत नाहीये. नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवीन मशीन आलं आणि त्याच्या चार दिवसांच्या ट्रेनिंगला मला बंगळुरूला जावं लागलं. नगरहून ट्रेन पकडली, शनिवारी हॉटेलवर पोचले. ट्रेनिंग सोमवारपासून. खोलीत माझ्याबरोबर सांगलीच्या एका लॅबमधल्या वैशाली मॅडम होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, चव्वेचाळीसच्या आसपास, पण उत्साह कॉलेजातल्या पोरीचा. रविवारी सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, “आज आपण पब क्रॉल करायचा.”

“काय करायचं?”

“अहो, गाईड असतो. दुपारी बारा ते पाच. एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये पायी फिरवतो. तिथेच बिअर बनवतात, ती कशी बनते ते दाखवतो, त्या भागाच्या गोष्टी सांगतो. मी मोबाईलवर दोघींचं बुकिंग केलंसुद्धा!”

मी पीत नाही. नुसता वास आला तरी मला कसंतरी होतं, आणि त्याला कारण आहे. पण परक्या शहरात दिवसभर खोलीत एकटी बसून काय करणार? म्हटलं चला, लिंबू सोडा पिऊ, फिरून येऊ. एक गोष्ट आत्ताच स्पष्ट सांगते – बंगळुरूला मी आयुष्यात पहिल्यांदा गेले होते. त्याआधी पुणे आणि मुंबई सोडून कुठलंच मोठं शहर पाहिलेलं नव्हतं.

इंदिरानगर मेट्रो स्टेशनच्या खाली आम्ही अकराजण जमलो. गाईड किरण नावाचा, तिशीचा, बोलायला गोड. त्याने सगळ्यांच्या मनगटाला केशरी कागदी पट्टी बांधली आणि आम्ही निघालो. ऊन छान होतं, रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोठाली झाडं...

पहिल्या पबच्या दारातला सिक्युरिटीवाला मला बघून हसला. “वेलकम बॅक मॅडम.”

मी मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं. म्हटलं सगळ्यांनाच म्हणत असेल. आत बसलो. वेट्रेसने दहाजणांसमोर बिअरचे छोटे छोटे ग्लास मांडले आणि माझ्यासमोर लिंबू सोडा ठेवला. मी काही सांगितलंही नव्हतं.

“यू डोन्ट ड्रिंक, राईट मॅम?” ती म्हणाली.

वैशाली मॅडमना मजा वाटली. “चेहऱ्यावरच लिहिलंय की तुमच्या!”

मीही हसले. पण तो सोडा मला काही संपवता आला नाही. पाय उगाच हलत होते. किरण तांब्याच्या मोठ्या टाक्या दाखवून काहीतरी समजावत होता आणि मी दर दोन मिनिटांनी त्या सिक्युरिटीवाल्याकडे बघत होते.

दुसरा पब चालत सात-आठ मिनिटांवर. लाकडी जिना, वरती गच्ची. आम्ही बसतो न बसतो तोच तिथला मॅनेजर, पन्नाशीचा गृहस्थ, सरळ माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात विचारलं, “मॅडम, भाई मिला आपका?”

माझ्या हातातला मेनू खाली पडला.

वैशाली मॅडम म्हणाल्या, “भाऊ? तुम्ही तर एकुलत्या एक ना?”

हो. आदल्या रात्री गप्पा मारताना मी त्यांना तसंच सांगितलं होतं. सहा वर्षं मी सगळ्यांना तसंच सांगत होते.

आता हे सांगायलाच हवं. मला एक धाकटा भाऊ आहे, संदेश. टेम्पो चालवायचा आणि पिऊन पडायचा. पप्पा गेले त्या दुपारी मम्मी पुणतांब्याला मावशीकडे गेली होती. घरात पप्पा आणि संदेश दोघंच. पप्पांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा संदेश शेजारच्या खोलीत पिऊन झोपला होता. त्यांनी हाका मारल्या असतील, हा उठला नाही. शेजाऱ्यांच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी दफनभूमीत, पाळकसाहेबांची प्रार्थना संपली आणि मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, “पप्पांना तू मारलंस.” आठवड्याभरात तो घर सोडून गेला. फोन बंद. मम्मी कधीकधी जेवताना मध्येच थांबून म्हणायची, “संदू कुठं हाय काय म्हाईत... तू शोध की गं त्याला.” मी म्हणायचे, बघते. आणि बघितलं कधीच नाही.

मॅनेजरला मी हिंदीत विचारलं, तुम्हाला माझ्या भावाबद्दल कोणी सांगितलं?

तो गोंधळला. “आपने ही तो। पिछले संडे। फोटो दिखाया था, हाथ में बाजा लेकर खड़ा है...”

संदेश चर्चच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. तसा फोटो एकच आहे. मी उठून जिन्यावर आले आणि घरी फोन लावला.

“मम्मी, संदूचा तो बँडातला फोटो कुठंय?”

“माझ्या बायबलात हाय की. का गं?”

“बघ ना जरा.”

थोडा वेळ पानांचा आवाज आला. “हाय. हितंच हाय. काय झालं? पोचली ना नीट?”

काही नाही म्हणाले आणि फोन ठेवला.

वाचणाऱ्यांच्या मनात येईल तेच माझ्याही मनात आलं होतं, की मीच विसरले असेन, डोक्याचं काहीतरी बिनसलं असेल. म्हणून सांगते. त्याआधीच्या रविवारी मी कोल्हारला नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात होते. सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत. दीडशे माणसांनी मला पाहिलंय. व्हिडिओत मी पंगतीत जिलेबी वाढताना दिसते.

वैशाली मॅडम मागून आल्या. त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आपण रूमवर जाऊया. रिक्षा करते.” पण मला रूमवर जायचं नव्हतं. मला पुढच्या पबमध्ये जायचं होतं आणि तिथे जायची भीतीही वाटत होती... दोन्ही एकदम. किरण सगळ्यांना सांगत होता की इथे अजून वीस मिनिटं आहेत. ती वीस मिनिटं मी त्या गच्चीवर येरझाऱ्या घालत काढली. ग्रुपमधल्या एका बाईने विचारलं, तुम्हाला उंचीची भीती वाटते का?

तिसऱ्या पबमध्ये मी सगळ्यांच्या आधी शिरले आणि सरळ काउंटरवर गेले. बारटेंडर ग्लास पुसत होता. मला पाहून त्याने ग्लास ठेवला.

“मी याआधी इथे आले होते का?” मी हिंदीत विचारलं. कसला वेडगळ प्रश्न, पण दुसरा सुचलाच नाही.

त्याला वाटलं मी त्याची परीक्षा घेतेय. “हां मॅडम, याद है। नंबर भी दिया था आपने।” त्याने बाटल्यांमागे हात घालून कागदाचा एक चिटोरा काढला आणि मला काही कळायच्या आत त्यावरचा नंबर फिरवला.

माझ्या पर्समध्ये माझा फोन वाजायला लागला.

वैशाली मॅडमनी माझा दंड घट्ट धरला. मी चिटोरा हातात घेऊन पाहिला. निळ्या पेनने दहा आकडे, नाव नाही. अक्षर माझ्यासारखं वाटत होतं, पण नुसत्या आकड्यांवरून काय ठरवणार?

“लेकिन मैंने बताया था ना आपको,” बारटेंडर म्हणाला. “संदेश। पीछे की गली में, कोने वाले ब्रुअरी के किचन में। आप गए नहीं?”

मी धावले. खरंच धावले, चपलेचा अंगठा तुटला तरी. मागून किरण ओरडत होता, “मॅम, दॅट्स अवर नेक्स्ट स्टॉप! वी विल गो टुगेदर!” वैशाली मॅडम माझ्यामागे पळत होत्या. कोपऱ्यावर पोचले, पुढच्या दाराने न जाता बाजूच्या बोळात वळले. किचनचं दार उघडं होतं. आत काळ्या एप्रनमध्ये एक माणूस पाठमोरा उभा राहून कोथिंबीर चिरत होता. केस पांढरे व्हायला लागलेले. पण मान तिरकी करून उभं राहायची ती सवय...

“संदू.”

तो वळला. मला वाटलं होतं दचकेल, रागावेल, तोंड फिरवेल. तो हसला.

“आलीस व्हय ताई? मला वाटलं न्हाई येत परत.”

परत.

मला रडूच कोसळलं. त्याने हात पुसले, मला बोळातल्या एका क्रेटवर बसवलं, पाणी आणून दिलं. “आता कशाला रडती? गेल्या रविवारी रडून झालं की सगळं. हितंच तर बसली हुतीस.”

मी विचारलं, “संदू... मी काय म्हणाले होते रे?”

“असं काय करती?” त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग खाली बघत बोलला. “तूच म्हणालीस ना, पप्पांनी आधी तुलाच फोन केला हुता. तू उचलला न्हाईस. आन मला तसं बोललीस ते चुकलं म्हणालीस. ताई, सहा वर्सं मला वाटायचं, मी एकट्यानंच मारलं त्यांना. तू ते सांगितलंस, तवापासून मला झोप लागायला लागली बघ.”

आता जे लिहितेय ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. त्या दुपारी दोन चाळीसला माझा मोबाईल वाजला होता. टेबलावर होता, सायलेंटवर, स्क्रीनवर ‘पप्पा’. माझ्या हातात ग्लोव्हज, समोर बारा सॅम्पल. म्हटलं एवढं संपवून लावते. अर्ध्या तासाने लावला तेव्हा कोणी उचलला नाही. रात्री मी तो कॉल फोनमधून काढून टाकला. पप्पांचा साधा बटणांचा मोबाईल होता, तो मीच बंद करून कपाटात ठेवला, पुढे फोडून टाकला. या जगात ही गोष्ट फक्त मला माहीत होती. फक्त मला.

आणि कोणीतरी माझ्या तोंडाने ती संदेशला सांगून गेलं होतं.

मी त्याला म्हणू शकले असते की ती मी नव्हे. तोंड उघडलंही होतं. पण तो इतका निवांत दिसत होता... मी नुसती मान हलवली. वैशाली मॅडम बोळाच्या टोकाला तशाच उभ्या होत्या, डोळे पुसत. थोड्या वेळाने पुढच्या दाराने आमचा ग्रुप आत आला आणि त्यांच्या हसण्याचा आवाज किचनपर्यंत ऐकू आला.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या नाताळाला संदेश घरी आला. मम्मीने त्याला दारातच मारलं आधी, हातातल्या वहाणेने, आणि मग सोडेचना. तो आता पीत नाही. आठवड्यातून दोनदा फोन करतो. बंगळुरूतच राहायचं म्हणतो, तिथं माझं बरं चाललंय म्हणतो.

मी खूप डोकं चालवलं. बारटेंडरशी नंतर फोनवर बोलले. सीसीटीव्हीचं विचारलं तर म्हणाला, रेकॉर्डिंग आठ-दहा दिवसांत पुसलं जातं, आता काही मिळायचं नाही. माझ्यासारखी दिसणारी कोणी बाई असेल? मला बहीण नाही. आणि असली तरी तिला माझा नंबर, तो फोटो, तो दोन चाळीसचा फोन... कसं शक्य आहे? इथल्या काहींनी अशाच एका अनुभवाखाली लिहिलं होतं की तीव्र इच्छेने असं घडतं. पण मला कुठे इच्छा होती? मी तर शोधत नव्हते.

घरात फक्त मम्मीला मी एकदा सगळं सांगितलं, संदेश परत गेल्यावर. म्हणजे जवळजवळ सगळं. ती लसूण सोलत ऐकत होती. घाबरली नाही, प्रार्थना करू असंही म्हणाली नाही. म्हणाली, “कोन का असंना. पोरगं तर आलं.” मग सोलता सोलता थांबली. “पन त्याला असं काय सांगितलं गं तिनं, की त्यानं सगळं इसरून जावं?”

मी म्हणाले, “माफी मागितली असंल.”

मम्मीने हातातली पाकळी न सोलताच ताटलीत टाकली. मी ताटली उचलून आत गेले.

जी कोणी तिथे गेली होती, तिने ते एका रविवारी, एका बोळात, क्रेटवर बसून सांगून टाकलं. मला दोन वर्षांत घरात, लसूण सोलणाऱ्या आईसमोर ते जमलेलं नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कोणाकडे असेल तर जरूर सांगा. आज पहिल्यांदा लिहिलं आहे, तेही नाव बदलून.